बेळगाव उंचावर, मग पाऊस खानापुरात का जास्त?

बाई, तुम्ही लिहिलंत ते थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या शाळेत आठवीच्या वर्गात हवामानाचा धडा चालला होता. विषुववृत्तापासून दूर गेलं की गारवा वाढतो, उंची वाढली की गारवाही वाढतो आणि पाऊसही, असं फळ्यावर लिहून झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "बेळगाव आमच्या खानापूरपेक्षा उंचावर आहे, मग पाऊस आमच्याकडे जास्त का?" पाठोपाठ एका मुलीनं विचारलं, "वळीव एवढा गडगडतो, मग आषाढातला पाऊस मुकाट्यानं का पडतो?" वर्गाला काय सांगू, असं तुम्ही विचारलंय.

माझं सगळं आयुष्य पर्जन्यमापक आणि तापमापकाच्या पेटीशेजारी गेलं, तेव्हा सांगतो: दोन्ही प्रश्न धड्यापेक्षा चांगले आहेत.

आधी सरळ उत्तर. वर्षाचं वेळापत्रक अक्षांश ठरवतो: सूर्य डोक्यावर कधी येणार, वारा कुठल्या महिन्यात कुठून वाहणार, ढगाला वर चढायला किती जागा मिळणार. उंचीनं तापमान उतरतं, हेही खरं. पावसाचं मात्र तसं नाही. समुद्रसपाटीपासून किती मीटर, हा आकडा एकटा घेतला तर पावसाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. पावसाळी वारा ज्या अंगानं येतो तिथे चढ आहे का, आणि तो चढ संपून आपण किती आत आलो, हे बघावं लागतं. खानापूर तालुक्याची पश्चिम बाजू घाटाच्या कडेला चिकटून आहे, बेळगाव कडेपासून आत आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला एवढं सांगितलं तरी चालेल. वर्गाला सगळंच समजावून सांगायचं असेल तर पुढे वाचा.

भिंतीवरच्या नकाशात १५.८५ अंश उत्तर ही रेषा बोटानं धरा. डावीकडे समुद्रावर वेंगुर्ला, मध्ये बेळगाव, उजवीकडे आंध्र प्रदेशात तुंगभद्रेच्या काठी कर्नूल. तिन्ही गावं जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. बेळगाव वेंगुर्ल्यापासून सरळ रेषेत नव्वद-एक किलोमीटर असेल, आणि शहरातल्या वेंगुर्ला रोडवरून कोण ना कोण रोज त्या बाजूला जातच असतं. सूर्य या तिन्ही गावांना वर्षभर एकाच कोनातून दिसतो, दिवस-रात्रीची लांबीही तीच. फक्त अक्षांशावर हवामान ठरलं असतं तर तिन्हीकडे एकच कपडे चालले असते. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी कर्नूलचं सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास असतं, बेळगावचं ३४-३५, वेंगुर्ल्याचं ३३ च्या आसपास. वर्षाचा पाऊस वेंगुर्ल्याला ३००० मिलिमीटरच्या घरात, बेळगावला १२००-१३००, कर्नूलला ६००-७००. हे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, फरक कशामुळे? अर्धा धडा तिथेच होईल.

म्हणजे अक्षांश बिनकामाचा, असं मात्र सांगू नका. या रेषेवर असण्याचं पहिलं फळ म्हणजे आपल्याला सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. बेळगावला एकदा ३-४ मेच्या सुमारास, पुन्हा ९ ऑगस्टच्या सुमारास. दुपारी साडेबाराच्या आसपास अंगणात काठी सरळ उभी करा, सावली तिच्या बुडाशीच गुंडाळलेली दिसेल. मे महिन्यात ही गंमत सुट्टीत घरबसल्या दाखवता येते. ऑगस्टमध्ये आभाळ इतकं भरलेलं असतं की सूर्य डोक्यावर येऊन गेला याचा पत्ताही लागत नाही. पण शिकवायला तोच दिवस सोन्यासारखा आहे. मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये सूर्य आभाळात एकाच जागी, दिवसाची लांबी जवळजवळ तीच, तरी दुपारच्या तापमानात नऊ-दहा अंशांचा फरक. हा फरक ढगांनी केला. ऊन वरच्या वर परत फेकलं गेलं, खाली पोचलं त्यातलं बरंचसं ओली जमीन वाळवण्यात खर्च झालं. आपल्याकडे एप्रिल सगळ्यात तापतो आणि मेच्या उत्तरार्धात पारा थोडा उतरतो, तोही याच कारणानं. सूर्य तोवर कमी झालेला नसतो, पण दुपारनंतर ढग येऊ लागतात आणि पश्चिमेचा दमट वारा घाट चढून आत शिरतो.

दुसरं फळ थंडीत मिळतं. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी बेळगावचा सूर्य क्षितिजापासून पन्नास अंश वर असतो, दिल्लीचा अडतीस. आपला सगळ्यात लहान दिवसही सव्वाअकरा तासांच्या आसपास. म्हणून आपल्याकडे थंडी पडते ती रात्रीची. दिवसा बंडी काढून ठेवावीच लागते.

तिसरं फळ म्हणजे वारे, आणि ढगांच्या दृष्टीनं हेच सगळ्यात मोठं. विषुववृत्ताच्या आसपास तापलेली दमट हवा वर चढते, वर गेल्यावर ध्रुवांकडे सरकते आणि तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते; तिच्यात ढग टिकत नाही. जगातली मोठी वाळवंटं त्या पट्ट्यात आहेत ती उगाच नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्या डोक्यावर याच उतरत्या हवेचा अंमल असतो, म्हणून आभाळ निरभ्र, फार तर खूप उंचावर पिंजल्यासारखे चार पांढरे फराटे. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला सरकतो आणि हवा वर चढण्याचा तो पट्टा त्याच्यामागून सरकत जुलैपर्यंत थेट गंगेच्या मैदानावर जातो. मग दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून आपल्या अंगावर येतात. केरळात १ जून, आपल्याकडे त्यानंतर साधारण आठवड्यात. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं, त्याचा आणि मान्सूनचा मेळ बसतो तो योगायोग नव्हे. पावसाची नक्षत्रं सूर्याच्या जागेवरून मोजतात, म्हणून ती दरवर्षी त्याच तारखांना येतात. तिथीवर चालणारे सण पुढे-मागे होतात, मृग होत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी अक्षांश हा शब्द ऐकला नसेल, पण पेरणी त्याच हिशोबानं केली.

आता उंची. हवा वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते, आणि पसरताना स्वतःचीच ऊब खर्च करते. सायकलच्या चाकातली हवा सोडताना व्हॉल्व्हशी बोट धरलं तर गार लागतं, तसंच हे. कोरडी हवा दर किलोमीटरला ९.८ अंश थंड होते. एकदा तिच्यातल्या वाफेचा ढग होऊ लागला की वाफ आपली कोंडलेली उष्णता बाहेर टाकते आणि थंड होण्याचा वेग निम्म्याहून कमी होतो. आपल्या पावसाळी उबदार हवेत किलोमीटरला चार-साडेचार अंशच. पाठ्यपुस्तकात किलोमीटरला साडेसहा हा आकडा असतो, तो स्थिर हवेची सरासरी म्हणून ठीक आहे. पण चढत्या हवेला तोच लावला की गणित चुकतं, आणि मुलं पुढे अकरावीत गोंधळतात. तेव्हा दोन्ही वेगळे सांगावेत.

बेळगाव साधारण ७६० मीटरवर, कर्नूल २८० च्या आसपास. फरक ४८० मीटर. साडेसहाच्या हिशोबानं तीन अंश. मे महिन्यातला खरा फरक पाच-सहा अंशांचा. वरचे दोन-तीन अंश कुठून आले? घाटावरून येणारा संध्याकाळचा वारा, वळवानं भिजलेली जमीन, दुपारचे ढग. कर्नूल समुद्रापासून दूर, चारी बाजूंनी तापलेल्या खडकाळ पठारात. 'गरिबांचं महाबळेश्वर' ही बेळगावची कीर्ती निव्वळ उंचीची नाही, घाट जवळ असल्याचीही आहे. इंग्रजांनी इथे छावणी टाकली त्यात या हवेचाही वाटा होताच. उंचीचा एक परिणाम मात्र रोज चुलीवर दिसतो: बेळगावात पाणी १०० अंशांवर उकळत नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. शाळेत तापमापक असेल तर हा प्रयोग करून बघा. समुद्रसपाटीवरचा आकडा तोंडपाठ असलेली मुलं चकित होतात.

आणि हो, उंच तिथे गार, हा नियम थंडीतल्या रात्री उलटा होतो. डिसेंबरच्या पहाटे येळ्ळूरच्या राजहंसगडावर जेवढं गारठतं त्याहून जास्त खाली भाताच्या कापलेल्या वाफ्यांत गारठतं. आभाळ मोकळं आणि हवा कोरडी असली की जमीन रात्रभर उष्णता वर फेकत राहते; तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि ओघळून खोलगट भागात साचते. मार्कंडेयच्या काठची, मलप्रभेच्या काठची गावं म्हणून पहाटे धुक्यात बुडलेली असतात आणि टेकडीवरचं देऊळ त्यातून वर निघालेलं असतं. ऊन तापलं, नऊ वाजले, की ते धुकं उडून जातं. जुलैत कणकुंबीला किंवा चोर्ला घाटाच्या वळणांवर जे धुकं म्हणतात ते याचं भावंड नव्हे. तो ढगच असतो, रस्ता त्याच्यात शिरलेला असतो, म्हणून तो दुपारी बारालाही हलत नाही.

हे नीट बघायचं असेल तर जुलैच्या एखाद्या सकाळी सावंतवाडीहून बेळगावच्या एसटीत खिडकीशी बसावं. समुद्राकाठी हवा २८ अंशांची, आणि २५ अंशांना थंड केली की दव पडू लागेल इतकी ओली. या दोन आकड्यांमधला फरक घ्या, तीन किंवा चार, आणि १२५ नं गुणा. उत्तर येतं ३७५ ते ५०० मीटर. तेवढं वर गेलं की त्या हवेतल्या वाफेचे थेंब होतात, म्हणजे तिथे ढगाचं बूड. दाणोलीला घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबते तेव्हा हे बूड डोक्यावर स्पष्ट दिसतं: डोंगर कमरेपर्यंत हिरवा, त्याच्यावर करड्या रंगात गायब, जणू कुणी पट्टीनं रेघ मारलीय. गाडी वळणं घेत वर जाते, आणि एका वळणावर ती रेघ आपण ओलांडतो. काच आतून धुरकट, ड्रायव्हर भर दिवसा दिवे लावतो, खिडकीच्या फटीतून येणारा वारा एकदम अंगात भरतो. खाली २८ असलेली हवा चारशे मीटरपर्यंत चार अंश उतरली, पुढे ढगात हळूहळू एक-सव्वा अंश. आंबोलीला पोचताना तेवीसच्या आसपास. गणित आणि तापमापक इथे इतके जवळ येतात की बघणाऱ्याला बरं वाटतं.

घाट संपला की गाडी पठारावर येते, आणि आता खिडकीबाहेर लक्ष ठेवायचं. आंबोलीत धो-धो. चंदगडच्या बाजूला सरीवर सर, पण मध्ये श्वास घ्यायला जागा. पाटणे फाट्याला रिपरिप. शिनोळीपाशी भुरभुर, हिंडलग्याला रस्ता नुसता ओला, आणि बेळगावच्या स्टँडवर उतरताना कुणी छत्री उघडतो, कुणी उघडत नाही. या सगळ्या वाटेत आपण खाली उतरलेलोच नाही. उलट आंबोली ६९० मीटरवर आणि बेळगाव ७६०, म्हणजे शेवटी आपण थोडे वरच आलो. आंबोलीला वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, बेळगावला त्याच्या पाचवा-सहावा हिस्सा.

तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न हाच आहे, फक्त त्यानं आंबोलीच्या जागी खानापूर धरलं. खानापूर शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास, बेळगावपेक्षा शंभरेक मीटर खाली, आणि पाऊस १७००-१८०० मिलिमीटर. तालुक्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी-आमगावकडे गेलात तर ५००० च्या वर. कारण एवढंच की वाफेला थेंब व्हायला चढ लागतो, आणि चढ कडेशी आहे. समुद्राकडून आलेली हवा सह्याद्रीची भिंत चढते, चढताना पाणी टाकते. एक घनमीटर हवेत २५ अंशांना जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७ ग्रॅम. उरलेलं पाणी हवेला सोडावंच लागतं. कडेवर चढ संपतो. वाऱ्याच्या जोरावर काही थेंब पलीकडे वाहून येतात, काही ढग पठारावर घरंगळत पुढे येतात, पण त्यांना पुन्हा उचलणारं काही नसतं. पठार पूर्वेला हळूहळू उतरतं, हवाही उतरते, थोडी तापते, आणि ढग विरतो. बेळगाव शहराला पाणी पुरवणारा राकसकोपचा तलाव शहराच्या पश्चिमेला आहे, ही त्याची पुण्याई. शहरात नुसती भुरभुर असताना तो भरून वाहू लागल्याची बातमी येते ती त्यामुळे.

पुढे पूर्वेला जा. बैलहोंगलला सातशेच्या आसपास, सौंदत्तीला सहाशे, अथणीला पाचशे-सहाशे. हे आकडे ढोबळ आहेत, वर्षागणिक हलतात, पण क्रम हलत नाही. आकडे नको असतील तर घरांकडे बघा. घाटाजवळच्या जांबोटीकडे कौलं इतकी तिरपी की पाणी थांबतच नाही, भिंतींना पावसाळ्यापुरता आडोसा बांधलेला. बैलहोंगल ओलांडलं की जुन्या घरांवर सपाट मातीचं माळवद, त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. भीमगडच्या बाजूला दिवसा अंधार पडावा असं जंगल, अथणीच्या माळावर बाभूळ आणि कडुनिंब. भात, मग बटाटा-रताळी, मग ज्वारी-हरभरा-कापूस. एकाच जिल्ह्यात, दीडशे किलोमीटरच्या आत, आणि सगळं एक-दीड अंश अक्षांशात.

महाबळेश्वर-पाचगणी हे उदाहरणही मुलांना द्या, सहलीला जाऊन आलेली असतात. दोन्ही गावं १३०० मीटरच्या आसपास, अंतर वीसेक किलोमीटर. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आणि आंबोली महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवर असून पाऊस जास्त. उंची हाच निकष असता तर लेह जगात सगळ्यात ओलं असतं. ते ३५०० मीटरवर आहे आणि वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास. म्हणून फळ्यावरचं "उंची वाढली की पाऊस वाढतो" हे वाक्य पुसा. त्या जागी लिहा, "वाऱ्याच्या बाजूचा चढ पाऊस वाढवतो, पलीकडचा उतार कमी करतो." परीक्षेत पहिलं वाक्यच हवं असेल तर दोन्ही सांगा, पण कुठलं खरं तेही सांगा.

इथल्या घाटाची कड मुळात फार उंच नाही, बहुतेक ठिकाणी ७०० ते ९०० मीटर. पावसाळ्यातला सगळ्यात जोराचा वारा जमिनीपासून एक-दीड किलोमीटरवर वाहतो, म्हणजे कडेच्या वरून बरीच ओल निसटून आत येते. बेळगाव तालुका हिरवा राहतो तो याच्या जिवावर.

आता दुसऱ्या मुलीचा प्रश्न, गडगडाटाचा. इथे अक्षांश पुन्हा कामाला येतो. आपल्या डोक्यावर ढगांना चढायला मोकळं आभाळ सोळा-सतरा किलोमीटरपर्यंत आहे. ध्रुवांकडे तेच आठ-नऊ किलोमीटरवर संपतं. म्हणून उंचावरचे ढग आपल्याकडे ६ ते १८ किलोमीटरच्या दरम्यान असतात आणि ध्रुवांकडे ३ ते ८ च्या. ढगांच्या जातींची पुस्तकातली उंची कुठल्या अक्षांशासाठी दिलीय, हे न बघता पाठ करायला लावणं व्यर्थ आहे.

ही सगळी जागा वापरतो तो वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी पठार भाजून निघतं, जमिनीलगतची हवा जोरात वर उसळते, त्यात पश्चिमेकडून शिरलेली ओल मिळते. दोनच्या सुमारास फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग, साडेतीनला त्यांचे माथे आभाळात घुसलेले, पाचला माथा पसरट आणि बूड काळंकुट्ट. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. आपल्या आभाळात पाच-साडेपाच किलोमीटरवर तापमान शून्याखाली जातं, त्याच्या वरचा सगळा ढग बर्फाचा आणि गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेल्या थेंबांचा. जोरदार वर-खाली वाऱ्यात बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, त्यातून विजेचा भार वेगळा होतो, वर एक प्रकारचा, खाली दुसऱ्या प्रकारचा, आणि मग कडाड. गाराही याच भट्टीत तयार होतात. उंचावरचा वारा या दिवसांत बहुधा पूर्वेचा असतो, म्हणून वळवाचं आभाळ बैलहोंगलच्या बाजूनं भरून येतं. जुनी माणसं पूर्वेकडे बघून वळीव आणि पश्चिमेकडे बघून मृग ओळखतात, त्यात चूक काही नाही.

आषाढातला घाटावरचा ढग या मानानं बुटका. बूड चारशे मीटरवर, माथा बऱ्याचदा पाच-सहा किलोमीटरच्या आतच. जवळजवळ सगळा ढग शून्याच्या वरच्या तापमानात, म्हणजे नुसतं पाणी. समुद्रावरून आलेल्या मिठाच्या कणांवर मोठे थेंब तयार होतात, ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. बर्फच नाही तर आपटणार काय आणि वीज होणार कशी? हवा ढकलली जाते ती डोंगराच्या चढानं, संथपणे, पण अखंड. तरणा आणि म्हातारा, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांतला पाऊस आठवडा-आठवडा झडीसारखा लागतो आणि एकदाही गडगडत नाही तो यामुळे. पाणी मात्र हाच ढग जास्त टाकतो, कारण तो थांबत नाही. आवाजावरून पावसाचा अंदाज करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

हस्त-चित्राच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, पश्चिमेचा वारा ढिला पडतो, ऊन पुन्हा चटके देऊ लागतं आणि गडगडाट परततो. पूर्वेकडच्या तालुक्यांना खरा आधार या परतीच्या पावसाचा. अथणी, सौंदत्ती, रामदुर्ग भागात जुलै बऱ्याचदा नुसता मळभाचा आणि वाऱ्याचा जातो. सप्टेंबरचा पाऊस चांगला झाला तर रब्बीची ज्वारी आणि हरभरा साधतो. त्या बाजूला घाटाचा काही उपयोग नाही, तिथला ढग स्वतःच्या उष्णतेवर उभा राहिलेला. खानापूरच्या शेतकऱ्याला जुलै कोरडा गेला तर घाम फुटतो, अथणीच्या शेतकऱ्याला सप्टेंबर. एकच जिल्हा, पण पावसाची दोन वेगळी खाती.

मे आणि ऑक्टोबर हे वीज पडण्याचे महिने, एवढं वर्गात आवर्जून सांगा. पहिला गडगडाट ऐकू आला की शेतातून पक्क्या घरात यायचं, झाडाखाली थांबायचं नाही. शाळेतून परतणारी मुलं नेमकी चार-पाचच्या वेळेला माळावर असतात.

एक गोष्ट मुलं विचारतीलच: अथणी कोरडी, तर तिथे पूर कसा येतो? ऑगस्ट २०१९ मध्ये चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाकची गावं पाण्याखाली होती, हे त्यांनी घरी ऐकलंय. ते पाणी तिथल्या आभाळातून पडलेलं नव्हतं. कृष्णा महाबळेश्वरहून येते, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा सगळ्या सह्याद्रीच्या कडेवरचं पाणी घेऊन तिला मिळतात. घटप्रभाही घाटातलीच, म्हणून गोकाकच्या धबधब्याला स्थानिक पाऊस नसतानाही पूर असतो. मलप्रभा तर तुमच्याच तालुक्यातली. कणकुंबीला आठशे मीटरच्या आसपास उगम पावते आणि कोरड्या मुलखातून जात कुडलसंगमला कृष्णेला मिळते. सौंदत्तीजवळच्या धरणात साठतं ते बरंचसं खानापूरच्या घाटातलं पाणी. कडेवर चढाव्या लागलेल्या त्या हवेनं टाकलेलं पाणी नद्या दोनशे-तीनशे किलोमीटर पूर्वेला नेऊन पोचवतात, अशा गावांना, जिथे तोच ढग कधी पोचला नाही.

शेवटी वर्गासाठी काम सुचवतो, कारण हे पाठ करून कळत नाही. सरळ उभ्या भिंतीचा एक डबा घ्या, बूड सपाट हवं. त्यात पडलेल्या पाण्याची पट्टीनं मोजलेली उंची म्हणजेच पावसाचे मिलिमीटर. तोंड लहान-मोठं असलं तरी फरक पडत नाही, फक्त वरपासून खालपर्यंत ते एकसारखं हवं. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, देशभरात हीच वेळ आहे. अडीच मिलिमीटर किंवा जास्त भरला तर तो पावसाचा दिवस धरायचा. वर्गातली एक-दोन मुलं जांबोटीकडची असतील, कुणाची मावशी बैलहोंगलला दिलेली असेल, कुणाचा मामा अथणीच्या साखर कारखान्यात असेल. चौघांकडे असे डबे ठेवा आणि जून ते ऑक्टोबर रोज रात्री फोनवर आकडे मागवा. शेजारच्या रकान्यात वीज कडाडली की नाही, एवढं लिहा. डबा पागोळ्यांखाली किंवा झाडाखाली ठेवू नका. जवळची भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुपटीइतकं अंतर त्यापासून ठेवा, आणि कोंबड्या त्यात चोच घालणार नाहीत असं काहीतरी भोवती लावा.